दारूबंदीच्या नाटकातली बायको

चांद्याच्या रामाळा तलावावर ढीवरांनी एके सकाळी जाळं ओढलं आणि मासळीबरोबर आमच्या कॉलेजचा एक विद्यार्थी घेऊन आले. खरं सांगायचं तर तो जाळ्यात सापडला नव्हता. काठाशी गुडघाभर पाण्यात, शिंगाड्याच्या वेलांत पाय गुंतवून तो आडवा झाला होता. डोकं कोरड्यावर होतं म्हणून वाचला. पण उचलायला जवळ दुसरं काही नसल्यामुळं ढीवरांनी त्याला जाळ्यातच घातलं. चौघांनी चार टोकं धरली आणि आम्ही सगळे अंगणात प्रार्थनेला उभे असताना त्याला आणून थेट प्राचार्यांच्या पायाशी ठेवलं.

"तुमचाच हाये ना जी?" त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. "वास घेऊन पाहा, मोहाचा हाये. पन पोट्टा जित्ता हाये."

पोट्ट्यानं एक डोळा उघडला, प्राचार्यांकडे पाहिलं, तेलुगूत काहीतरी पुटपुटला आणि डोळा परत मिटला. नंतर कळलं की त्यानं पांघरूण मागितलं होतं.

आम्ही मुली कॉलेजात तिघीच, मागच्या रांगेत उभ्या असायचो. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायचे ते हललेच. पण म्हातारा जाळं झटकत निघाला आणि आमच्याजवळून जाताना, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला, "थोडा अंदर सरकला असता तं आज मासे नसते इकले आमी. कोन खाते मंग?" तेव्हा हसणं बंद झालं. तलाव एका पोराला गिळता गिळता राहिला होता, आणि तो पोरगा वर्गात माझ्या पुढच्याच बाकावर बसायचा.

वसतिगृहात पोरांना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती. त्यामुळं हा सिरोंचावाला. दुसरा, ज्याची ही खरी गोष्ट आहे, तो वडसावाला. मी आरमोरीकडच्या एका शाळामास्तराची मुलगी, चांद्यात पठाणपुऱ्याला मावशीकडे राहणारी, म्हणून मला कुणी गावाच्या नावानं हाक मारायची हिंमत केली नाही. मावशीची भीती होती.

मोहाच्या फुलांची दारू काही आम्हाला नवी नव्हती. आमच्या खेड्यात बारशाला मोह, तेराव्याला मोह, धानाची रोवणी संपली की मोह. पण तिथं दहा म्हातारे बसलेले असत आणि त्यांच्यातला एक तरी "आता पुरे" म्हणणारा असे. वसतिगृहातल्या पोरांना पुरे म्हणणारं कुणी नव्हतं. शिवाय त्याच सुमाराला आमचा जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला होता, आणि मुंबई राज्य म्हणजे दारूबंदी, ती आज ना उद्या आपल्याकडे येणार, अशी बोलवा होती. येण्याआधी पिऊन घ्यावी, असा पुष्कळांचा विचार दिसे.

प्राचार्य पुण्याकडचे होते. अंगानं काडी, कपडे खादीचे, माणूस तुपासारखा शुद्ध. जगात कुठलीही गोष्ट बिघडली की मंडळ स्थापन केल्यानं ती नीट होते, अशी त्यांची श्रद्धा होती. कॉलेज एका लाकूड व्यापाऱ्याच्या जुन्या गोदामात भरायचं, भिंतींना अजून सागाचा वास यायचा, ग्रंथालयात एक कपाट आणि त्यात निम्मी जागा वाळवीची. पण मंडळं विचाराल तर वाङ्मय मंडळ, स्वच्छता मंडळ, सूतकताई मंडळ, सगळी होती. सिरोंचावाला शुद्धीवर आला त्याच दिवशी मद्यपाननिषेध मंडळ स्थापन झालं. त्याला मंडळाचा पहिला सभासद केलं. पश्चात्ताप झालेला माणूस चांगला प्रचारक होतो, असं सर म्हणाले. सिरोंचावाल्याला तोपर्यंत फक्त सर्दी झाली होती.

मंडळाचं पहिलं व्याख्यान सरांनीच दिलं. जगात कुठकुठली मद्यं आहेत, ती कशापासून गाळतात, श्रीमंतांना कुठलं नासवतं आणि गरिबांना कुठलं, हे त्यांनी इतकं सविस्तर सांगितलं की मोह आणि शिंदी सोडून तिसरं नाव न ऐकलेली आमची पोरं पुढं सरकून बसली. शेवटी शंका विचारा म्हटल्यावर सिरोंचावाला उभा राहिला.

"सर, ते शेरी म्हनता, ते इकडं कुठी भेटते?"

सरांनी शंकांचा कार्यक्रम आटोपता घेतला.

मग उजवा हात पुढं करून शपथ झाली. मग सर रोज दिवेलागणीला वसतिगृहाच्या दारात उभे राहू लागले. येणाऱ्या प्रत्येकानं त्यांच्या नाकासमोर तोंड उघडून "हाः" करायचं. पोरांनी दुसऱ्याच दिवशी उपाय शोधला: कच्चा कांदा. पिणारे खात, आणि संशय नको म्हणून न पिणारेही खात. खानावळीतला कांदा संपला. सरांना त्या महिन्यात जेवणात कांदा दिसला तरी उमासे येत, असं त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, मला पुढं सांगितलं.

वासानं भागेना, तेव्हा सरांनी नाटक लिहिलं. नाटकाचं नाव असं संस्कृत होतं की न पिणाऱ्याचीही जीभ अडखळे. गोष्ट सोपी होती: एक सज्जन गृहस्थ वाईट संगतीनं पिऊ लागतो, बायको रडते, तो आणखी पितो, बायको आणखी रडते, शेवटी यमदूत येतो. दारुड्याला गाणी होती. गाऊ शकणारा कॉलेजात एकच, तो वडसावाला.

हा उंच, सडपातळ पोरगा दंडारीच्या घरातला. आमच्या झाडीपट्टीत पिकं निघाली की गावोगाव दंडारी आणि नाटकं उभी राहतात. त्याचा बाप त्यात गायचा, आणि हा सहा-सात वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागं उभा राहून झील धरायचा. वर्गात तो तोंड उघडत नसे, पण गायला लागला की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडत. पीतही तोच सगळ्यांत जास्त. त्याचं कारण तो अगदी सरळपणे सांगे. "पेल्याशिवाय घसा मोकडा होत नाई." दंडारीत पडद्यामागं एक घोट घेऊनच पुढं जायचं, हे त्यानं दूध सुटल्यापासून पाहिलं होतं. सरांना हे ठाऊक नव्हतं. सरांना तो शपथ घेतलेला एक गुणी मुलगा वाटत होता.

बायकोचं काम पोरानं साडी नेसून करायचं नाही, मुलीनं करायचं, हे सरांचं पुरोगामी मत. बाकीच्या दोघींच्या घरून सरळ नकार आला. मी मावशीला भीत भीत विचारलं. मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कर ना. लग्नाआदी दारुड्याची बायको होऊन पाह्यलं, तं खरा नवरा कसाही भेटला तरी गोडच लागंल."

माझ्या तोंडी वाक्यं होती ती अशी: "नाथ, हा विषाचा प्याला ओठांस लावू नका! या अबलेची दया येऊ द्या!" मी सरांना म्हटलं की आमच्याकडे नवऱ्याला कुणी नाथ म्हणत नाही, आणि तो प्यायला बसला तर बायको प्याला धरून रडत नाही, चुलीतलं लाकूड काढते. सर म्हणाले, कलेत वास्तव जसंच्या तसं आणायचं नसतं.

स्नेहसंमेलनात पहिला खेळ झाला. वडसावाला असा गायला की काय सांगू. त्याचा दारुडा डुलत आला, खांबाला मिठी मारून त्याला सासरेबुवा म्हणाला, पडला तो तालात पडला, उठला तो सुरात उठला. लोकांनी एकेक गाणं पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं. मी कोपऱ्यात उभी राहून नाथ, नाथ करत रडत होते, तिकडं कुत्रंही पाहत नव्हतं. यमदूत आला तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "थांब ना बे, आनखी एक गानं होऊ दे!"

पडदा पडल्यावर सर धावत रंगमंचावर आले, डोळ्यांत पाणी. सगळ्यांच्या समोर म्हणाले, "हा निर्व्यसनी तरुण, स्वतः थेंबाला न शिवता, केवळ अभ्यासाच्या बळावर..." आणि त्यांनी वडसावाल्याला मिठी मारली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मिठी मारलेले सर हळूहळू ताठ होत गेले. त्यांचं नाक त्याच्या खांद्यावर होतं. त्या दिवशी कांदा खायचा राहिला होता.

त्यातच गर्दीतून वाट काढत दारूचा गुत्तेवाला आला. त्यानं वडसावाल्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि सरांना हात जोडून म्हणाला, "सायेब, एक नंबर नाटक! एक खेड माह्या दुकानापुढं करा, मांडव माहा." त्याचं चुकलं नव्हतं. त्या संध्याकाळी पोरांचे थवे दारुड्याचं गाणं म्हणत त्याच्याच दुकानाकडे चालले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी वडसावाल्याला ट्रंक बांधायला सांगितलं. तो ट्रंकेवर बसून वडशाच्या गाडीची वाट पाहत कॉलेजच्या पायरीवर राहिला. मी सरांच्या घरी गेले. मोठ्या न्यायबुद्धीनं गेले असं नाही. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत आमचा दुसरा खेळ ठरला होता, आणि मला इतक्यात विधवा व्हायचं नव्हतं.

सर व्हरांड्यात येरझारा घालत होते. "विश्वासघात," ते म्हणाले. "शपथ घेऊन! मी रोज त्याच्या तोंडाचा वास घेत होतो."

आतून त्यांच्या बाई हात पुसत आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, चष्मा लावणाऱ्या, आणि जिभेला धार. पुण्याहून इथं आल्यापासून त्यांना बोलायला कुणी मिळालं नव्हतं, म्हणून ती धार सगळी सरांवरच निघे. "तोंडाचा वास रोज घेतलात," त्या म्हणाल्या. "पोटात काय आहे ते विचारलंत कधी?"

त्यांनी मला पाठवून वडसावाल्याला बोलावलं. तो ट्रंकेसकट आला.

"काय रे, तुमचं रात्रीचं जेवण किती वाजता होतं?"

"काई भरोसा नाई जी बाई. खानावळीवाला आला तं आठ, नाई तं नऊ."

"आणि दुपारचं?"

"दहा वाजता. कॉलेजच्या आदी."

"मग मध्ये?"

वडसावाला पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "गुत्त्यावर चने भेटते. उकडलेले. पेनाऱ्याले चने तसेच देते तो."

सर थांबले. "म्हणजे तुम्ही चण्यांसाठी पिता?"

"सुरवात चन्यानं होते जी," तो म्हणाला. "मंग चने मागं राहते."

सरांच्या एवढ्या मोठ्या व्याख्यानात चण्यांचा उल्लेख आला नव्हता. बाई मात्र आत गेल्या, थालीपिठं लावली आणि आम्हा दोघांना पाटावर बसवलं. त्या दिवशी ट्रंक सरांच्याच व्हरांड्यात राहिली. सरांनी त्याला क्षमा केली असं काही झालं नाही. तो जेवत असताना त्याला घालवून देणं त्यांच्या संस्कारांत बसेना, आणि तो पुष्कळ वेळ जेवत होता.

बाईंनी फर्मान काढलं की मार्कंड्याच्या खेळाची तालीम रोज याच व्हरांड्यात, दिवस कलल्यापासून दिवे लागेपर्यंत. म्हणजे नेमकी गुत्त्यावर जायची वेळ. पहिल्या दिवशी नाटकातली पाच-सहा माणसं आली. बातमी पसरली की तालमीला खायला मिळतं. सरांच्या नाटकात गर्दीचा प्रसंग नव्हता, पण गर्दी वाढत गेली, तेव्हा सरांना बाजाराचा एक प्रवेश नव्यानं लिहावा लागला. सिरोंचावाल्याला त्यांनी या वेळी यमदूत केलं. त्याला मराठी वाक्यं पाठ होईनात, म्हणून यमदूत तेलुगूत बोलेल असं ठरलं. यमाची दिशा दक्षिण, त्यामुळं सरांना ते शास्त्राला धरूनही वाटलं.

बाईंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्या वरणात गूळ घालायच्या. लाखोळीच्या डाळीवर वाढलेल्या आमच्या पोरांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं, एकानं हळूच विचारलं, "आज कोनाचा वाढदिवस हाये का?" शिवाय दारूची इच्छा मरते म्हणून त्या सगळ्यांना कसलासा कडू काढा पाजायच्या. त्यानं फक्त जुलाब झाले. मग पोरांनीच आळीपाळीनं चूल ताब्यात घेतली, कुणी घरून सुकट आणली, कुणी तांदूळ. बाईंनी सुकटीचा वास पहिल्यांदा घेतला तेव्हा त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. पण पोरांना हाकललं नाही.

वडसावाल्याचं मात्र अवघड होतं. इतर पोरं संगतीनं पिणारी, संगत व्हरांड्यात आली तशी तीही आली. त्याला आतून लागायची. संध्याकाळ झाली की हात थरथरायचे, घाम यायचा, शब्दाशब्दावर चिडायचा. आणि गाणं येईना. वरचा सूर लावायला गेला की आवाज फाटायचा, मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तसा. पोरं हसायची. एकदा तो भडकून बाईंना म्हणाला, "तुमच्या गोड वरनानं घसा चिकटला माहा!" आणि निघून गेला. आम्हाला वाटलं, गेला गुत्त्यावर. मी पाहायला गेले तर तो मागच्या विहिरीच्या काठावर बसला होता.

"चल ना," मी म्हटलं.

"माह्यापाशी दुसरं हाये काय?" तो म्हणाला. "इंग्रजी मले येत नाई. हिसाब येत नाई. आवाज होता. तोही नाई राह्यला तं मी कोन?"

मी कठड्यावर टेकले. मग तोच बापाचं सांगू लागला. बाप एका गावी राजाचं काम करत असताना भर प्रवेशात सिंहासनावर झोपी गेला. लोकांना वाटलं, राजा मेला, नाटकातच असं आहे. त्यांनी टाळ्या दिल्या. बायका रडल्या. मागून यानं कितीदा ढोसलं तरी बाप उठला नाही.

"मंग?"

"सकाडी उठला. लोक म्हने, काय काम केलं भाऊ! तो त्या दिवसापासून पेते तेवढाच, गात मातर नाई."

हे सांगताना तो हसत होता, आणि मीही हसले, कारण सिंहासनावर घोरणारा राजा डोळ्यांपुढं आला. मग तो उठला आणि स्वतःच व्हरांड्यात गेला. बाईंनी विचारलं नाही कुठं होतास. ताट झाकून ठेवलं होतं.

शिवरात्रीला आम्ही लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून वैनगंगेपर्यंत गेलो आणि पुढं डोंग्यातून मार्कंड्याला उतरलो. सोबत सर, बाई आणि माझी राखण करायला मावशी. मुलगी नाटकात असल्यामुळं खेळ दुपारीच ठेवला होता. नदीच्या वाळूत मांडव; एकीकडं देवळाच्या घंटा, दुसरीकडं पाळण्यांची करकर, मधे आम्ही. लोक स्नान, दर्शन उरकून, मुरमुऱ्याचे पुडे घेऊन येऊन बसले. वडसावाल्याचं नाव आसपासच्या गावांत माहीत होतं, त्यामुळं मांडव भरला.

पडदा वर गेला. पहिलंच गाणं. त्यानं सूर लावला आणि तो वर जाऊन फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. लोक आधी गप्प राहिले, मग खसखस पिकली, मग मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, याले कोनी एक गिलास पाजा रे!" मांडव हसला. वडसावाला मधोमध उभा, बुजगावण्यासारखा. त्यानं मान वळवून पडद्यामागं पाहिलं. तिथं काय आहे आणि तो काय मागतोय, हे मला कळलं, कारण पडद्यामागं जत्रेतली दोन-चार माणसं होतीच आणि त्यांच्याजवळ ते होतंही.

माझा प्रवेश पुढं होता, आणि "नाथ"नं सुरू होत होता. मी तशीच पुढं गेले.

"काऊन बंद झाला?" मी कमरेवर हात ठेवून म्हटलं. "घरी तं लय वरडतोस! लेकरं झोपेतून उठते. इथी लोक आयकाले आले तं आवाज गेला?"

समोरच्या रांगेत सर मांडीवरच्या संहितेची पानं भराभर उलटू लागले.

वडसावाल्यानं माझ्याकडं पाहिलं. क्षणभर मला वाटलं, हा आता पळतो. मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "घसा बसला," तो म्हणाला.

"बसला तं बसला. तुह्या घशाले बसाले तरी जागा हाये. मी चुलीपाशी बसावं तं चुलीवर भांडं नाई. भांडं कुठी गेलं?"

"भांडं..." तो डोकं खाजवत म्हणाला, "भांडं थोडं फिराले गेलं."

"कोनासंगं?"

"माह्यासंगंच गेल्तं. येताना त्याले चालवलं नाई."

मग जे सुरू झालं ते कुणी लिहिलं नव्हतं. माझ्या गावात शेजारणी नवऱ्याशी भांडत, ते मी लहानपणापासून कुंपणाला कान लावून ऐकलं होतं. सगळं कामी आलं. तो कोंबडीचा हिशेब चुकवायचा, मी धरायची. तो डुलून खांबाला मिठी मारायला गेला, तर मी म्हटलं, "त्याले सोड, तो तुह्यापेक्षा सिधा उभा हाये." लोक हसत होते, पण पहिल्या खेळात हसले तसं नव्हे. तेव्हा त्याच्यासारखं व्हावं असं पोरांना वाटलं होतं. आता प्रत्येक जण शेजाऱ्याकडं बोट दाखवत होता. बायकांच्या बाजूनं एक बाई उठून उभी राहिली आणि पुरुषांच्या बाजूला पाहून म्हणाली, "आयकून राह्यले का जी? तुमचंच चालू हाये." कुणीतरी पटका डोळ्यांवर ओढून घेतला.

दमून मी म्हटलं, "आता गा."

"येत नाई म्हनलं ना."

"मोठ्यानं गा म्हनून कोनं सांगितलं? मले आयकू येईल एवढंच गा."

तो खाली बसला आणि हलक्या आवाजात गायला. वरचा सूर त्यानं सोडूनच दिला. फार सुंदर गायला असं मी म्हणणार नाही. पण ऐकायचं तर लोकांना गप्प बसावं लागत होतं, आणि ते बसले. पाळण्यांची करकर तेवढी मधून ऐकू यायची.

यमदुताला ज्या वाक्यावर यायचं होतं ते वाक्य आलंच नाही, त्यामुळं सिरोंचावाला कंटाळून मनानंच आत आला आणि तेलुगूत गरजला. सिरोंच्याकडचे काही भाविक होते, ते खूश होऊन उत्तरं देऊ लागले. मघाची बाई पुन्हा उठली. "ओ यमभाऊ!" ती ओरडली. "याले नोको नेऊ! गुत्तेवाल्याले ने!" त्यावर मांडव असा उसळला की पडदा पाडण्यावाचून इलाज राहिला नाही.

सर पडद्यामागं आले ते संहिता उराशी धरून. "माझं एकही वाक्य ठेवलं नाहीत," ते म्हणाले. आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. त्यांनी त्या नाटकावर खरंच मेहनत घेतली होती.

"म्हणून तर लोक शेवटपर्यंत बसले," बाई म्हणाल्या.

सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खानावळीवाल्याला बोलावून त्यांनी रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत आणायला लावलं, आणि दारात उभं राहून वास घेणं सोडून दिलं. मद्यपाननिषेध मंडळानं केलेलं हेच काय ते काम, आणि त्याची नोंद मंडळाच्या अहवालात नाही.

सगळे सुधारले असं मी म्हटलं तर तुम्ही मलाच प्यालेली समजाल. एक पोरगा त्याच उन्हाळ्यात कॉलेज सोडून गेला आणि पुढं त्याचं बरं ऐकलं नाही. गुत्तेवाल्यानं चण्यांबरोबर शेव ठेवायला सुरुवात केली, काही पोरं शेवेकडं वळली. वडसावाला होळीला गावी गेला तो भरपूर पिऊन आला आणि लाजेनं व्हरांड्यात यायचाच बंद झाला. तेव्हा बाई स्वतः वसतिगृहात गेल्या. त्या इमारतीत त्याआधी बाईमाणसानं पाऊल टाकलं नव्हतं. पोरं लुंग्या सावरत खोल्यांत पळाली. त्याच्या दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "एकदा पडलास म्हणून काय जमिनीवरच राहणार आहेस? चल. आज गूळ घातलेला नाही." तो आला. नंतरही एक-दोनदा पडला. दर वेळी उठायला त्याला कमी वेळ लागला.

पुढच्या वर्षी सरांची बदली झाली. नवे प्राचार्य कडक होते. मुलामुलींनी एकत्र नाटक करणं त्यांना पसंत नव्हतं आणि प्राचार्यांच्या घरी पोरांनी सुकट भाजणं तर मुळीच नाही. व्हरांडा बंद झाला. शपथ मात्र त्यांनी चालू ठेवली.

तोवर वडसावाला वसतिगृहातला सगळ्यांत जुना रहिवासी झाला होता, कारण इंग्रजी त्याला दर वर्षी थांबवून घेत होती. त्यानं खानावळीवाल्याकडून एक फुटकी ढोलकी मिळवली आणि व्हरांड्यातला संध्याकाळचा कारभार आपल्या खोलीत सुरू केला. जून महिन्यात खेड्यांतून नवी पोरं ट्रंका घेऊन उतरत, बावरलेली, आईची आठवण गिळत. संध्याकाळी त्यांना गुत्त्याची वाट दाखवणारे पुष्कळ होते. हा त्यांच्याआधी जिन्यात उभा राहायचा.

"गाता येते का बे?" तो विचारायचा.

"नाई."

"वरडता येते?"

"ते येते."

"मंग चाल अंदर."